कासमची आय

गावी मला कासम म्हणतात आणि डोंबिवलीत किरण. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक आहे, त्यात आता लपवण्यासारखं काही नाही. पण माझी आई डोंबिवलीत चार महिने राहून गावी परत का गेली, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, मामालाही नाही. ज्यानं विचारलं त्याला एकच उत्तर दिलं, "तिला इकडची हवा मानवली नाही." सतरा वर्षं हेच चाललंय. हवेचा काही संबंध नव्हता.

ठाणे-कल्याणकडे राहणाऱ्या आपल्या गावकऱ्यांचा अंक निघतोय, "गाव सोडतानाची आठवण लिहा," असा निरोप आला. मी म्हटलं, लिहितो. चार ओळी लिहून मोकळा होणार होतो. पण लिहायला बसलो तर आठवलं ते तिचं हाका मारणं, आणि तिथून पुढचं सगळं सांगितल्याशिवाय सुटका दिसेना.

मी एकवीस वर्षांचा होतो. आयटीआय झालेलं, डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात फिटरची जागा मिळालेली. फाट्यावर मला सोडायला आई, दादा आणि अर्धी आळी आलेली. दादा म्हणजे माझे वडील. ते एवढंच म्हणाले, "सायबाच्या डोळ्यांपुढं ऱ्हा, पर लई पुढंपुढं करू नगं." एसटी आली, मी घुसलो, मागं कुठंतरी जागा मिळाली. मी कुठल्या खिडकीत बसलोय ते आईला बाहेरून दिसेना. मग तिनं काय करावं, तर पुढच्या दारापासून एकेका खिडकीखाली उभं राहून हाक मारत आली. "कासम! आरं कासम!" प्रत्येक खिडकीतून एकेक अनोळखी माणूस खाली बघत होता. ती माझ्या खिडकीशी पोचायच्या आधीच गाडी हलली. मी तोंड बाहेर काढून हात केला, तिला दिसला की नाही माहीत नाही. त्या वेळी मला त्या नावाची लाज वाटली नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नावाचं सांगतो. माझ्याआधी आईची दोन मुलं वर्षाच्या आत गेली. आपल्या गावात मोहरमला पंजे बसतात, काठीवर लावलेले धातूचे हात. ते बसवणारं मुजावरांचं एकच घर, आणि नाचवणारे, नवस बोलणारे आपण सगळे. त्यातला एक पंजा कासमसाहेबांचा. आई त्याच्यापुढं म्हणाली, "ह्यो जगला तर तुझं नाव सांगंल." मी जगलो. बारशाला आत्यानं कानात कासम म्हटलं, शाळेच्या दाखल्यावर कासम ज्ञानू शेवाळे लागलं, आणि कुणाची भुवई वर गेली नाही. आळीत एक फकिरा होता, दोन पिराजी होते, एक दावल होता. बारा वर्षांचा होईपर्यंत दर मोहरमला मला फकीर करायचे. गळ्यात लाल-हिरवा दोरा घालून पाच घरं मागायची. मग आई मलिदा करायची, पोळ्या कुस्करून त्यात गूळ-तूप, आणि दारात येईल त्याला मूठभर द्यायची. पोरं मुद्दाम विचारायची, "कुणाचा मलिदा?" आणि ती ठसक्यात सांगायची, "माज्या कासमचा."

डोंबिवलीत पहिले काही दिवस कारखान्यातल्याच एकाच्या घरी काढले. मग कोपरला एक खोली बघायला गेलो. घरमालक भला माणूस होता, पाणी दिलं, बसा म्हणाला. नाव विचारलं. मी म्हटलं, कासम. तो हळूच म्हणाला, "राग मानू नका हं, पण आम्ही तुमच्या लोकांना देत नाही." मी घाईघाईनं म्हणालो, "नाही हो काका, मी त्यांच्यातला नाही! नवसाचं नाव आहे." पिशवीतून शाळेचा दाखला काढून त्याला जात दाखवली. तो हसला. "असं होय! मग आधी सांगायचं ना." खोली मिळाली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात ही गंमत म्हणून मी नजीरला सांगितली. नजीर माझ्याच शिफ्टला होता. कल्याणच्या दूधनाक्याजवळ त्याचं वाडवडिलांपासूनचं घर, मराठी माझ्यापेक्षा चोख. तोही हसला. डबा उघडता उघडता म्हणाला, "नशीबवान आहेस, शेवाळ्या. तुझ्याकडे दाखवायला दाखला तरी होता." मी त्याच्या डब्यातला मासा घेतला आणि विषय तिथंच संपला, असं मला वाटलं.

पुढं दोन वर्षं मी खुलासेच देत राहिलो. गॅसच्या रांगेत, बँकेत, गणपतीच्या वर्गणीच्या पावतीवर. प्रत्येक वेळी तेच, "नाही हो, मी त्यांच्यातला नाही." शेवटी कंटाळून राजपत्रात नाव बदलून घेतलं. किरण का? काही कारण नाही. कुणाचंही असेल असं नाव हवं होतं, ते मिळालं. नजीरला पेढा दिला तर त्यानं विचारलं, "टाकलंस ते टाकलंस. त्याचा अर्थ काय होता, ते तरी विचारलंस का कधी कुणाला?" मी म्हटलं, "आता काय करायचाय अर्थ?" त्यानं पेढा खाल्ला. पण मला किरण कधी म्हणाला नाही. आजतागायत शेवाळ्याच.

गावी पत्र टाकलं. दादांनी उलट लिहिलं, 'नोकरीसाठी लागत असल तर हरकत नाही.' आईनं काही कळवलं नाही. मी गावी गेलो की ती कासमच म्हणायची. लग्नानंतर बायकोला, सुनीताला, 'ते घरचं नाव' म्हणून सांगितलं, तिलाही त्यात काही वाटलं नाही. असं दोन ठिकाणी दोन नावांनी मजेत चाललं होतं. मोहरमला मात्र जाणं बंद झालं. मोहरम काही ठरल्या महिन्यात येत नाही, दर वर्षी अलीकडे सरकतो, कधी पावसात, कधी थंडीत, त्यामुळे रजा जमत नाही असं सांगायला सोपं पडायचं.

मग दादा गेले आणि मी आईला इकडं घेऊन आलो. मानपाड्याकडे वन-बीएचके घेतलेलं, पहिला मजला, समोर छोटी गॅलरी. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. आई चांगली रमली होती. हे मला आज लिहावंच लागेल, ती रमली होती. भाजीवाल्याशी भांडायची, नातीच्या वेण्या घालायची, गॅलरीत मिरच्या वाळवायची.

तीनेक महिन्यांनी सोसायटीत सत्यनारायण होता. सुनीता माहेरी गेलेली. आम्ही सगळे पुरुष खाली मांडवात खुर्च्या लावत होतो. आईनं आमच्या घरचा नैवेद्य केलेला. ती गॅलरीत आली आणि शेतात मारावी तशी हाक मारली, "कासम! ए कासम! ताट न्यायचं ऱ्हायलं की रं!"

सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "काय शेवाळे, कोणाला बोलावतायत तुमच्या मातोश्री? आपल्या बिल्डिंगीत कासम कधीपासून आला?" कुणीतरी म्हणालं, "भंगारवाला असेल." सगळे हसले. मीही हसलो. आणि म्हणालो, "अहो, गावाकडं आमचा गडी होता त्या नावाचा. वय झालंय तिचं. होतं तिला असं अधूनमधून."

माझी आई तेव्हा पासष्ट वर्षांची होती आणि तिचं डोकं माझ्यापेक्षा ठीक चालत होतं.

संध्याकाळी वर जाऊन मी तिला सांगितलं, "इथं मला त्या नावानं हाक मारायची नाही." आवाज चढवला नाही. समजावून सांगितलं, साहेब लोक सांगतात तसं. तिनं विचारलं, "मग काय म्हनू?" मी म्हटलं, "किरण म्हण." तिनं तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून बघितलं, किरन, किरन. मग म्हणाली, "ह्ये मी न्हाई ठिवल्यालं, बाबा. ह्येनं मी कशी हाक मारू?" मी म्हटलं, होईल सवय.

सवय झाली नाही. त्या दिवसापासून तिनं मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. काम असेल तर समोर येऊन उभी राहायची, मी बघेपर्यंत. खालच्या बायका तिला 'किरणच्या आई' म्हणायच्या. ती वळून बघायची नाही. मग त्यांची समजूत झाली की तिला ऐकू कमी येतं. त्या मोठमोठ्यानं बोलायला लागल्या, ती कमी कमी बोलायला लागली. महिन्याभरानं तिनं पिशवी भरली. सुनीतानं खूप आग्रह केला, कारण विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "हवा न्हाई बग मानवत, सुने." म्हणजे ते उत्तरसुद्धा माझं नाही. तिनं मला काढून दिलेलं आहे.

ती गावी गेली. मी औषधं पाठवली, फोन घेऊन दिला, घरावर पत्रे घातले, नळ घेतला. दिवाळीला दोन दिवस जाऊन यायचो. फोनवर ती विचारायची, "जेवलास का?" आणि त्याआधी जिथं नाव यावं तिथं थोडी गप्प व्हायची. ती गप्प होणं फक्त मलाच कळायचं.

या वर्षी नजीरचा फोन आला. दोघंही आता निवृत्तीला टेकलोय, कारखाना कधीच बदलला, पण ईद-दिवाळीला भेटणं सुटलेलं नाही. म्हणाला, "नातू झालाय. सातव्या दिवशी अकीका आहे, जेवायलाच ये. आणि ऐक, नाव ठेवतोय कासीम. तू टाकून दिलेलंस, आम्ही उचललं. परत मागायला येऊ नकोस."

गेलो. दूधनाक्याच्या त्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बाळाचं जावळ काढलेलं, डोकं चकचकीत. नजीर मागच्या अंगणात परातींसमोर बसून बोकडाच्या मटणाचे वाटे घालत होता. एक घरचा, एक नातेवाइकांचा, एक गरिबांचा. मी शेजारी स्टूल घेऊन बसलो आणि तीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, "नजीर, अर्थ काय रे त्याचा?"

"आत्ता आठवण झाली?" तो हात न थांबवता म्हणाला. "हे बघ, मी काय करतोय? वाटे घालतोय. कासीम म्हणजे हेच. वाटून देणारा, ज्याचं त्याला पोचवणारा. तुमच्या सातबाऱ्याच्या भांडणात तक्षीम म्हणतात ना, वाटणीला? तेही तिथूनच आलं. किस्मत तिथूनच, आपल्या वाट्याला आलेलं ते. आमच्यात सांगतात, देणारा अल्ला, मी नुसता वाटणारा, असं पैगंबरच म्हणायचे."

"आणि आमच्या गावचे कासमसाहेब?"

"ते करबल्यातले. इमाम हसनचे साहेबजादे, कोवळं पोर होतं, लढाईत गेले. पण त्याच्याही आधी पैगंबरांच्या स्वतःच्या पहिल्या मुलाचं नाव कासीम. लहानपणीच गेला तो. तरी त्यांना लोक शेवटपर्यंत अबुल कासीम म्हणायचे. कासीमचे अब्बा. अरबांत तशी पद्धत आहे रे, पोर झालं की आईबापाला त्याच्या नावानंच हाक मारायची. बाप अबू कासीम, आई उम्मे कासीम. मान असतो तो. पोराच्या नावानं आईबापाला नाव मिळतं."

आतून कुणी बाई त्याच्या बायकोला हाक मारत होती, "अगं ए कासीमच्या दादी, तांदूळ कुठंयत?" आणि त्याची बायको, सात दिवसांपूर्वीपर्यंत जिला सगळे रुखसाना म्हणायचे, ती खुशीत ओ देत होती.

मी स्टुलावर बसून होतो. आपल्या गावात माझ्या आईला काय म्हणतात? तिचं नाव पार्वती आहे हे आळीत किती जणांना माहीत असेल? दोन मुलं गेल्यावर तिला ज्ञानूची बायको म्हणायचे, मागं आणखीही काही म्हणायचे. मी जगलो आणि ती कासमची आय झाली. बाजारात, रेशनच्या रांगेत, देवळात, सगळीकडे कासमची आय. मी समजत होतो की मी माझं नाव बदललंय. मी तिला जे बंद करायला लावलं ते तिचंही नाव होतं. डोंबिवलीत तिला हाक मारली की ती वळायची नाही, कारण ती हाक तिला नव्हतीच.

नजीरनं विचारलं, "काय रे, गप्पसा?" मी म्हटलं, "काही नाही, धूर जातोय डोळ्यांत." तो म्हणाला, "चूल तर अजून पेटलेली नाही, शेवाळ्या." आणि पुढं काही विचारलं नाही. माझ्या हातात एक पिशवी दिली. "घे, तुझा वाटा. वहिनीला सांग, दही लावून ठेव."

त्यानंतर आलेल्या मोहरमला मी रजा टाकली. शीळफाट्यापर्यंत रिक्षा, तिथून हायवेची गाडी, असा एकटाच गेलो. घरी पोचलो तेव्हा मलिदा वाटणं चालू होतं. दारात पोरांची झुंबड. एकानं विचारलं, "आजी, कुणाचा?" आणि आई, आता ब्याऐंशी वर्षांची, वाकलेली, पण ठसका तोच, "माज्या कासमचा. कुनाचा आसतोय दुसरा?" मग तिनं मान वर केली. मी कुंपणाशी उभा होतो. ती म्हणाली, "हुबा ऱ्हा रांगंत. आयता मिळत न्हाई."

मी रांगेत उभा राहिलो. पोरं हसायला लागली.

जेवणं झाल्यावर ओसरीवर बसून मी बोललो. म्हटलं, "आय, मी चुकलो. तुला नाव घेऊ दिलं नाही." ती वाती वळत होती. मग म्हणाली, "त्या दिशी खाली मांडवात तू सांगितलंस, मला म्हातारपनी आसं हुतंय म्हनून."

मी विचारलं, "तू ऐकलंस?"

"मी बहिरी हाय व्हय? त्या बाया समजत हुत्या."

तिनं एक वात पुरी केली. "मला राग न्हाई आला तुजा. तुला नोकरी करायची हुती, चार लोकांत ऱ्हायचं हुतं. पर तिथं मी कुनीच नव्हते रं. हितं कासमची आय हाय. म्हनून आले."

मी म्हटलं, "आता मार हाक. कुठंही मार. डोंबिवलीत मार, पाहिजे तर गॅलरीतून."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा सहा वर्षांचा झालो. "मागितल्यावर हाक मारत्यात व्हय? काय काम असलं तर मारीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच होतो. परसातून आवाज आला, "कासम! आरं ए कासम! नळाचा पाइप निसटलाय, समदं अंगन भिजलं, उठ की मुडद्या!" मी अनवाणी पळालो. पाइप बसवायला लागलो. ती शेजारी उभी राहून सूचना देत होती आणि प्रत्येक सूचनेत ते नाव होतं, सतरा वर्षांचं तुंबलेलं. फिटर माणूस, साधा क्लॅम्प आवळायला मला पाव तास लागला.

तुमच्यातले बरेच जण माझ्यासारखेच गाव सोडून आलेत. कुणी कल्याणला, कुणी आंबिवलीला, कुणी पार परदेशात. आपण सगळे काहीतरी मागं ठेवून आलो, जड होतं म्हणून. त्यातलं काय फक्त आपलं होतं आणि कशात दुसऱ्याचाही वाटा होता, हे निघताना कळत नाही. मला पूर्वी वाटायचं की घर म्हणजे तिकडची ओसरी, आणि डोंबिवली म्हणजे नोकरी. आता असं वाटतं की जिथं माझी आई मला मोठ्यानं हाक मारू शकते आणि लोक तिला माझ्या नावानं ओळखतात, ते घर. तसं एक घर गावी आहे. दुसरं इकडं करायचंय. वय नाही झालं अजून माझं, चोपन्न म्हणजे काही फार नाही.

दिवाळीनंतर ती यायला तयार झाली आहे. "महिनाभर बगते. हवा मानवली तर ऱ्हाते," असं म्हणाली आणि स्वतःच हसली. सुनीताला हे सगळं अजून ठाऊक नाही. हा कागद अंकाकडे जायच्या आधी तिच्या हातात देणार आहे. ती काय म्हणेल ते ऐकून घेईन.

सोसायटीत मात्र मी अजून काही सांगितलेलं नाही. सेक्रेटरी आता म्हातारे झालेत, बाकावर बसतात, रोज विचारतात, "काय किरणराव?" मी रोज "मजेत" म्हणतो. आई येण्याआधी मला त्यांच्यासमोर आणि खालच्या बायकांसमोर उभं राहून सांगायचंय की माझ्या आईला चळ लागलेला नव्हता, तिला ऐकूही नीट येत होतं, आणि त्या दिवशी तिनं हाक मारली तो कासम मी होतो. एवढं देणं अजून बाकी आहे.